गोंधळाच्या आधाराने उभा स्फटिक

स्ट्रॉन्शियम, टायटेनियम आणि ऑक्सिजन एकत्र आले की खोलीच्या तापमानाला जो स्फटिक तयार होतो तो काटकोनात बसवल्यासारखा चोख घनाकृती असतो. टायटेनियम काढून त्याच्या जागी झिर्कोनियम घातलं तर मूळ ठेवण तीच राहते, पण आतले सगळे सांगाडे जरा जरा कलतात आणि घन बिघडतो. हाफ्नियम किंवा कथिल घातलं तरी तेच. मँगनीज घालून नेहमीच्या पद्धतीने हवेत भाजलं, तर ते घनाच्या वाटेलाच जात नाही, सरळ षट्कोनी घडण घेऊन बसतं. थोडक्यात, हे पाच धातू आणि त्यांच्या तीन तऱ्हा.

आता या पाचही धातूंची ऑक्साइडं सारख्या वाट्याने घेऊन, स्ट्रॉन्शियमसोबत एकत्र दळून भट्टीत घातली तर काय निघावं? रसायनशास्त्राचं कुठलंही जुनं पुस्तक उघडलं तरी उत्तर असंच मिळेल की खिचडी निघेल. थोडा हा स्फटिक, थोडा तो, मध्येच तिसराच कुठला तरी. २०१८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या ज्यान लुओ यांच्या गटाने ही आणि अशी आणखी काही मिश्रणं भाजून पाहिली. या पाच धातूंच्या मिश्रणातून एकच स्फटिक निघाला. तोही कललेला नाही, षट्कोनी नाही, तर घनाकृती. एकट्याने राहताना ज्या पाचांपैकी चौघांना घन जमत नव्हता, ते पाचही जण एकत्र, कुठे कोण याचा काही नेम नसताना, घनात उभे राहिले होते.

हा नेम नसणं हेच त्यांच्या उभं राहण्याचं कारण आहे, आणि हे पहिल्यांदा नीट समजलं की माणूस खरोखर थबकतो.

अशा पदार्थांना हाय-एन्ट्रॉपी पेरोव्स्काइट म्हणतात. यातलं पेरोव्स्काइट आधी पाहू. १८३९ साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव रोझे यांनी उरल पर्वतातून आलेल्या एका खनिजाचं वर्णन केलं आणि लेव्ह पेरोव्स्की या खनिजांच्या षौकीन रशियन उमरावाचं नाव त्याला दिलं. ते खनिज म्हणजे कॅल्शियम टायटेनेट. पुढे क्ष-किरणांनी स्फटिकांच्या आत पाहता येऊ लागलं तेव्हा लक्षात आलं की हीच ठेवण शेकडो पदार्थांत आहे, आणि मग पेरोव्स्काइट हे एका खनिजाचं नाव न राहता घराण्याचं नाव झालं.

ठेवण अशी. मध्ये एक लहान धातूचा आयन आणि त्याला सहा बाजूंनी सहा ऑक्सिजन: वर, खाली, डावा, उजवा, पुढे, मागे. हे ऑक्सिजन रेषांनी जोडले की आठ त्रिकोणी पृष्ठांचा अष्टफलक तयार होतो. असे अष्टफलक टोकाला टोक लावून तिन्ही दिशांना रचत गेलं की त्यांच्यामध्ये पोकळ्या उरतात. त्या पोकळीत एक मोठा आयन बसतो, बारा ऑक्सिजनांनी वेढलेला. आपल्या उदाहरणात मोठ्या जागेवर स्ट्रॉन्शियम आणि लहान जागेवर ते पाच धातू. एवढीच रचना, आणि ती जगभर पसरलेली आहे. मोबाइलमधल्या शेकडो चिमुकल्या कपॅसिटरांत बेरियम टायटेनेट असतं. गॅसच्या लायटरचं बटण दाबल्यावर ठिणगी पाडणारा आणि सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये कंप पावणारा पदार्थही बहुतेक वेळा याच घराण्यातला. आपल्या पायांखाली सुमारे ६६० किलोमीटर खोल गेलं, की तिथून पुढे जवळजवळ दोन हजार किलोमीटर जाडीचा जो थर आहे, त्यातलं मुख्य खनिजही पेरोव्स्काइटच आहे. संपूर्ण पृथ्वीवर सगळ्यात जास्त असलेलं खनिज ते हेच. पण इतक्या खोलवरून त्याचा नमुना वर आणणं कोणाला शक्य नव्हतं, म्हणून १८७९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या एका उल्केत ते सापडेपर्यंत त्याला अधिकृत नावही नव्हतं. ब्रिजमनाइट हे नाव मिळालं २०१४ साली. आणि त्या ब्रिजमनाइटमध्येही मॅग्नेशियमच्या जागा लोहाने अधूनमधून बळकावलेल्या असतात. म्हणजे एकाच जागेसाठी अनेक धातू, हा प्रकार निसर्गाला नवा नाही.

पण कोण कोणाच्या जागी बसू शकतो याला मर्यादा आहेत. व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२६ साली त्यासाठी एक साधं माप दिलं. मोठ्या आयनाची, लहान आयनाची आणि ऑक्सिजनची त्रिज्या घेऊन एक गुणोत्तर काढायचं. ते १ आलं तर आयन घनात अगदी बेताचे बसतात. १ पेक्षा कमी आलं तर मोठा आयन पोकळीत सैल पडतो, आणि ती पोकळी आवळून घेण्यासाठी अष्टफलक कलतात. १ च्या फारच वर गेलं तर घन सोडून षट्कोनी घडण सोयीची होते. स्ट्रॉन्शियमसोबत टायटेनियम असेल तर हे गुणोत्तर १.०० येतं, झिर्कोनियमला ०.९५ आणि मँगनीजला १.०४. वर सांगितलेल्या तिन्ही तऱ्हा या तीन आकड्यांत बसल्या आहेत. आता पाचही धातूंच्या त्रिज्यांची सरासरी घेऊन हिशेब केला तर उत्तर येतं ०.९८. घनाच्या अगदी जवळ.

इथे वाटेल की कोडं सुटलं. पण सरासरी ही कागदावरची गोष्ट आहे. ती प्रत्यक्षात यायची तर पाचही धातू आधी मिसळलेले असायला हवेत, आणि ते मिसळून राहायला हवेत. झिर्कोनियमला वेगळं होऊन आपला कललेला स्फटिक करायला कोणी अडवलं आहे? मँगनीजने आपला षट्कोनी कोपरा का धरला नाही?

यासाठी मोजणी करावी लागते. समजा एका ओळीत दहा जागा आहेत आणि पाच धातूंचे प्रत्येकी दोन अणू आहेत. प्रत्येक धातूने आपापला गट धरून बसायचं असेल तर त्याच्या १२० पद्धती आहेत. कोणीही कुठेही बसायचं असेल तर १,१३,४००. दहा जागांतच हा फरक. आता एक चिमुकला घन घेऊ, प्रत्येक बाजूला दहा घरं, म्हणजे एकूण हजार जागा. या घनाची बाजू एका मिलिमीटरचा अडीच लाखावा भाग आहे. त्यात पाच धातूंचे प्रत्येकी दोनशे अणू बसवण्याच्या पद्धतींची संख्या लिहायची तर जवळपास ७०० अंक लागतात. दिसणाऱ्या सबंध विश्वातल्या अणूंची संख्या अंदाजे ८० अंकांत संपते. आणि हा झाला हजार जागांचा घन. एक हजारांश मिलिमीटर बाजूच्या साध्या कणात अशा दीड हजार कोटी जागा असतात. हे आकडे लिहिताना हात थोडा थांबतो, कारण ते खरे आहेत, आणि आपल्या हातातल्या चहाच्या कपाइतक्या सामान्य चिनीमातीच्या भाईबंदांविषयी आहेत.

किती प्रकारे बसता येतं याच्या मोजणीलाच लुडविग बोल्ट्झमान यांनी एन्ट्रॉपीशी जोडलं. ते सूत्र व्हिएन्नातल्या त्यांच्या समाधीवर कोरलेलं आहे. पदार्थ कोणत्या रूपात राहील हे ठरवताना निसर्ग दोन गोष्टी तोलतो. एका पारड्यात बंधांची ऊर्जा. झिर्कोनियम आपल्यासारख्यांत राहिलं तर बंध जास्त समाधानी असतात, म्हणून हे पारडं धातूंनी वेगळं व्हावं असं म्हणतं. दुसऱ्या पारड्यात एन्ट्रॉपी, आणि ती एकटी येत नाही, निरपेक्ष तापमानाने गुणून येते. पाच धातू सारख्या प्रमाणात मिसळले तर एका मोलमागे, एका अंशामागे सुमारे १३.४ ज्यूल इतकी एन्ट्रॉपी मिळते. खोलीच्या तापमानाला तिचं वजन जेमतेम ४ किलोज्यूल. पण १५०० अंश सेल्सियसला तेच वजन २४ किलोज्यूलच्या घरात जातं. थंड असताना बंधांच्या आवडीनिवडींपुढे एन्ट्रॉपीचं चालत नाही. भट्टी तापत गेली की तिचं पारडं जड होत जातं आणि एका तापमानाला तराजू कलतो. मग वेगळं राहण्यापेक्षा मिसळून राहणं स्वस्त पडतं.

हे नुसतं गणित नाही हे दाखवून दिलं ते २०१५ साली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात क्रिस्टिना रोस्ट, जॉन-पॉल मारिया आणि ड्यूक विद्यापीठाचे स्टेफानो कुर्तारोलो यांच्यासह त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅग्नेशियम, कोबाल्ट, निकेल, तांबं आणि जस्त यांची ऑक्साइडं सारख्या प्रमाणात मिसळली. हा पदार्थ पेरोव्स्काइट नव्हे, मिठाच्या स्फटिकाच्या ठेवणीचा. पण पुढचं सगळं घराणं त्याच्यापासून सुरू झालं, म्हणून त्याला टाळून चालत नाही. यातलं तांब्याचं ऑक्साइड आणि जस्ताचं ऑक्साइड एकटी असताना मिठाची ठेवण मुळीच घेत नाहीत. पण मिश्रण १००० अंशांना ठेवलं तर सगळे एका स्फटिकात विरघळले. तेच ७५० अंशांना ठेवलं तर तांब्याचं ऑक्साइड वेगळं होऊन बाहेर आलं. पुन्हा १००० अंशांना नेलं, पुन्हा एक झालं. मिसळताना त्याने उष्णता शोषून घेतली, म्हणजे बंधांना ते मिसळणं आवडत नव्हतं, एन्ट्रॉपीने ते घडवून आणलं होतं. आणि मला सगळ्यात देखणा वाटणारा पुरावा तो पुढचा. पाचपैकी कोणत्याही एका धातूचं प्रमाण थोडं कमी-जास्त केलं की मिसळण्यासाठी लागणारं तापमान वाढायचं. सर्वांत कमी तापमान लागायचं ते पाचही अगदी सारखे असताना, म्हणजे एन्ट्रॉपी कमाल असताना. मोजणीच्या वहीतला तो ७०० अंकी आकडा भट्टीच्या तापमानात उतरून दिसला.

या कल्पनेचा उगम धातूंच्या मिश्रणांत आहे आणि तिथे भारताचाही खरा वाटा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. एस. रंगनाथन यांनी २००३ साली ‘करंट सायन्स’मध्ये अनेक धातूंच्या समसमान मिश्रधातूंवर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी तैवानमधल्या ज्येन-वेई येह यांनी आणि इंग्लंडमधल्या ब्रायन कँटॉर यांनी स्वतंत्रपणे आपापलं काम प्रसिद्ध केलं आणि हाय-एन्ट्रॉपी हे नाव रूढ झालं. बी. एस. मूर्ती, येह आणि रंगनाथन यांचं या विषयावरचं पुस्तक २०१४ चं. त्यानंतर वर्षभरात ऑक्साइडांची पाळी आली.

कागदावरून आता प्रयोगशाळेतल्या ओट्याकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथे लागते. सगळ्यात पहिलं काम वजन करण्याचं, आणि तिथेच पहिली फसगत होऊ शकते. काही मिश्रणांत मोठ्या जागेवर स्ट्रॉन्शियमऐवजी लँथॅनम बसवतात. त्याचं ऑक्साइड बाटलीत दिसतं पांढरंशुभ्र आणि निरागस, पण ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सतत पीत असतं. तराजूवर ठेवलेल्या एका ग्रॅममध्ये लँथॅनम किती आणि हवेतला ओलावा किती हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून ते आधी भट्टीत हजार अंशांच्या आसपास भाजायचं, गरम असतानाच काढून कोरड्या बरणीत ठेवायचं, आणि मग झटपट मोजायचं. ‘सारखी प्रमाणं’ हाच ज्या पदार्थाचा प्राण आहे तिथे हे चुकलं तर पुढचं सगळं वाया.

मग दळण. सगळी चूर्णं, सोबत थोडं अल्कोहोल आणि झिर्कोनियाचे कठीण गोळे बरणीत घालून बॉल मिल तासन्‌तास फिरवतात. गोळेही थोडे झिजतात, त्यांचा झिर्कोनिया मिश्रणात उतरतो, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. वाळवलेलं चूर्ण एकदा भाजून घ्यायचं. यात स्ट्रॉन्शियम कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पुन्हा दळायचं, चिकटपणासाठी पीव्हीएचं थोडं द्रावण घालायचं, आणि पोलादी साच्यात भरून हायड्रॉलिक प्रेसखाली दाबायचं. साच्यातून निघते ती नाण्याएवढी चकती इतकी कच्ची असते की नखानेही तिची कड तुटते. ती अॅल्युमिनाच्या मुशीत ठेवतात, पण थेट नाही. तिच्याखाली आणि वर त्याच मिश्रणाच्या चूर्णाचा थर देतात, नाहीतर त्या तापमानाला चकती मुशीशीच संधान बांधते. तापमान सावकाश चढवायचं. पाचशे-सहाशे अंशांपर्यंत पीव्हीए जळून गेला पाहिजे, घाई केली तर निघणारा वायू चकतीला तडे पाडतो. मग १३०० ते १५०० अंशांना काही तास. कण एकमेकांत मिसळतात, मधल्या फटी मिटत जातात, आणि बाहेर येते तेव्हा चकतीचा व्यास पाचव्या-सहाव्या हिश्शाने कमी झालेला असतो. आता ती टणटणीत वाजते.

पण आत एक स्फटिक आहे की पाच, हे दिसणार क्ष-किरणांनी. प्रत्येक प्रकारचा स्फटिक ठरावीक कोनांनाच क्ष-किरण परतवतो, आणि त्याचा आलेख टोकदार सुळक्यांचा येतो. न भाजलेल्या चूर्णाचा आलेख म्हणजे सुळक्यांचं रान असतं. पाच ऑक्साइडं आणि एक कार्बोनेट, प्रत्येकाचे आपापले सुळके. तेच चूर्ण थोड्या थोड्या अंतराने चढत्या तापमानाला भाजून दर वेळी आलेख काढला तर ते रान विरळ होताना दिसतं. आधी कार्बोनेटचे सुळके जातात. मग मधली काही संयुगं उगवतात आणि मावळतात. आलेखावर ३२ अंशांच्या कोनाच्या आसपास एक सुळका जाडसर उगवतो, त्याच्या खांद्याला आणखी दोन-तीन टेकलेले असतात, ते निरनिराळ्या पेरोव्स्काइटचे. तापमान आणखी वाढतं, खांदे विरघळतात, आणि शेवटी मोजके, अणकुचीदार, ठरल्या अंतरावरचे सुळके उरतात. पाच धातूंचा इतका गोंधळ आत असताना आलेख एखाद्या साध्यासुध्या शुद्ध पदार्थासारखा दिसतो. हा आलेख पाहताना होणारा आनंद शब्दांत पकडणं कठीण आहे.

अर्थात क्ष-किरण सांगतात ती सरासरी. प्रत्येक अष्टफलकाजवळ जाऊन पाहिलं तर झिर्कोनियमचा थोडा फुगलेला, मँगनीजचा आवळलेला, आणि मधले ऑक्सिजन दोन्हींकडून ओढले जाऊन आपल्या आदर्श जागेपासून जरा सरकलेले. दुरून चोख, जवळून प्रत्येक घर वेगळं. इथून पुढे या पदार्थांचे जवळजवळ सगळे गुण या ‘जरा सरकलेल्या’ ऑक्सिजनांतून निघतात.

उष्णताच घ्या. स्फटिकातून उष्णता वाहते ती अणूंच्या कंपनांच्या लाटांनी. लेझमीच्या लांब रांगेत सगळ्यांच्या हातात सारख्या वजनाची लेझीम असेल तर एका टोकाची लय दुसऱ्या टोकापर्यंत विनासायास जाते. तीच रांग, पण कोणाच्या हातात हलकी, कोणाच्या जड, आणि मध्ये कुठे पाऊलही आखूड पडत असेल, तर लय चार माणसांत विस्कटते. हाय-एन्ट्रॉपी ऑक्साइडांत हेच होतं. २०१८ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गटाने रोस्ट यांच्या पाच धातूंच्या ऑक्साइडात सहावा धातू मिसळून पाहिला. उष्णतावाहकता जवळपास निम्म्यावर आली, पण पदार्थाचा ताठरपणा होता तसाच राहिला. एरवी या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात. ताठर पदार्थ उष्णता चांगली नेतो, आणि उष्णता अडवायची तर पदार्थ मऊ किंवा सच्छिद्र करावा लागतो. इथे दोघांची फारकत झाली. कारण शोधलं तेव्हा कळलं की अणूंच्या वजनांतल्या फरकापेक्षा जास्त काम विद्युतभारातल्या फरकाने केलं होतं. वेगळ्या भाराचा सहावा आयन आला की आजूबाजूच्या ऑक्सिजनांची जागा हलते, आणि त्या हललेल्या ऑक्सिजनांवर आपटून लाटा फुटतात. जेट इंजिनच्या पात्यांवर उष्णता अडवणारे सिरॅमिकचे लेप देणाऱ्यांना यात रस वाटला नसता तरच नवल.

चुंबकत्वाची गोष्ट याहून चक्रावणारी. लँथॅनमसोबत लोह असलेला पेरोव्स्काइट ४६० अंश सेल्सियसच्याही वर चुंबकीय शिस्त टिकवून धरतो, म्हणजे शेजारशेजारच्या लोहाचे चुंबक एक वर, एक खाली असे आळीपाळीने उभे असतात. मँगनीज असेल तर हीच शिस्त शून्याखाली शंभराहून अधिक अंश गेल्यावर येते, तीही वेगळ्या प्रकारची. कोबाल्टचा अतिथंड असताना चुंबक म्हणून जवळजवळ दिसेनासाच होतो. निकेलचा तर धातूसारखा वीज वाहतो आणि शिस्त वगैरे काही पाळत नाही. आता क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेल असे पाचही एकाच जागेवर सरमिसळ बसवले तर शेजाऱ्याशी काय बोलायचं हे प्रत्येक अणूला दर पावलाला नव्याने ठरवावं लागणार. चुंबकीय शिस्त मोडून पडेल अशीच अपेक्षा होती. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत योगेश शर्मा आणि सहकाऱ्यांनी याच पदार्थाच्या अतिशय पातळ एकस्फटिकी थर लेझरने जमवून ते तपासले. शिस्त टिकली होती. तणाव आहे, काही शेजारी उलट दिशेला ओढत आहेत, तरीही आळीपाळीची मांडणी लांबवर पसरलेली. रोस्ट यांच्या ऑक्साइडातही असंच. त्यातले पाचपैकी दोन धातू, मॅग्नेशियम आणि जस्त, मुळात चुंबकीयच नाहीत, म्हणजे दर पाच जागांतल्या दोन जागा मुक्या. तरी उणे १६० अंशांच्या आसपास उरलेले तिघे मिळून मांडणी धरतात.

जर्मनीतल्या कार्लस्रूहे तंत्रज्ञान संस्थेत अभिषेक सरकार, होर्स्ट हान आणि त्यांचे सहकारी आणखी पुढे गेले. त्यांनी पेरोव्स्काइटच्या दोन्ही जागांवर पाच-पाच धातू बसवले. मोठ्या जागेवर गॅडोलिनियम, लँथॅनम, निओडायमियम, समॅरियम, इट्रियम. लहान जागेवर कोबाल्ट, क्रोमियम, लोह, मँगनीज, निकेल. दहा धातू, एक स्फटिक. इथे दळणाची वाट सोडून त्यांनी क्षारांचं द्रावण तुषारांच्या रूपात तापलेल्या नळीतून सोडलं. प्रत्येक तुषारात दहाही धातू आधीपासून मिसळलेले असतात, पाणी उडून जातं तेव्हा त्यांना वेगळं व्हायला वेळच मिळत नाही.

हा वेळ न मिळण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तिथे मला थोडं परखड बोलावंसं वाटतं. खोलीच्या तापमानाला एन्ट्रॉपीचं वजन ४ किलोज्यूलवर आलेलं असतं. मग चकती थंड झाल्यावर धातू पुन्हा वेगळे का होत नाहीत? कारण त्या तापमानाला अणूंना जागा बदलण्याइतकं बळच उरत नाही. उष्ण असतानाची सरमिसळ तशीच गोठून राहते. हे ठीकच आहे, हिऱ्याचंही तसंच आहे. पण काही मिश्रणं अशी असतात की ती एन्ट्रॉपीच्या मदतीशिवायही मिसळली असती. मोठ्या जागेवरचे ते पाच दुर्मीळ मृदाधातू एकमेकांशी इतके सारखे आहेत की त्यांना एकत्र राहायला फारसं कारण लागत नाही. अलीकडे पाच धातू घातले की हाय-एन्ट्रॉपीचं लेबल लावण्याची घाई दिसते. ते लेबल रचनेचं वर्णन म्हणून चालेल, पण एन्ट्रॉपीनेच स्फटिक उभा आहे असं म्हणायचं असेल तर रोस्ट यांनी केली तशी परीक्षा द्यायला हवी. कमी तापमानाला पुरेसा वेळ ठेवा, वेगळं होतंय का पाहा, पुन्हा तापवा, पुन्हा एक होतंय का पाहा. आणि गोंधळ सगळं जुळवून देतो असंही नाही. सॅन डिएगोच्या गटाने १३ मिश्रणं करून पाहिली होती, त्यातली ६ एकसंध निघाली. गोल्डश्मिट यांचं गुणोत्तर १ च्या जवळ असूनही काही फुटली. एन्ट्रॉपी मोठी असली तरी तिच्या ताकदीला २४ किलोज्यूलची सीमा आहे, आणि बंधांचा विरोध त्याहून तगडा असेल तर तिचं काही चालत नाही.

पुढचा शोध कोणत्या दिशेने करायचा हाच आता मोठा प्रश्न आहे. लहान जागेवर बसू शकणारे वीस धातू धरले तर त्यातून पाच निवडण्याच्या पद्धती होतात १५,५०४. मोठ्या जागेची निवड आणि प्रमाणांतले फरक वेगळेच. एकेक भाजून पाहायला आयुष्यं पुरणार नाहीत, म्हणून आधी संगणकावर बंधांचा विरोध मोजून यादी आखडती घेतात. एका उपयोगाकडे मात्र बरेच जण वळलेले दिसतात, तो म्हणजे इंधनघट. उच्च तापमानावर चालणाऱ्या घटात हवेच्या बाजूचा इलेक्ट्रोड बहुधा स्ट्रॉन्शियम असलेला पेरोव्स्काइट असतो, आणि सहाशे-आठशे अंशांना राहून राहून त्यातलं स्ट्रॉन्शियम पृष्ठभागाकडे सरकतं, तिथे साठतं आणि ऑक्सिजनची वाट अडवतं. मोठ्या जागेवर अनेक धातू बसवले तर हे सरकणं मंदावतं असं काही गटांना दिसलं आहे. घट चालवायचा तो वर्षानुवर्षं, म्हणून अशा चकत्या सध्या भट्टीतून काढत नाहीत. त्या तशाच तापत ठेवतात आणि ठरावीक तासांनी त्यांचा विद्युतरोध मोजून नोंदवतात.